खाडा पडला तरी वही मिटू नका

(विहाराच्या वर्धापनदिनी सायंकाळच्या सभेत केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात राहून गेलेले काही मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



मी डॉक्टर नाही की प्राध्यापक नाही. आपल्या सोलापुरातल्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तीस वर्षे उभा असलेला कामगार आहे. शिक्षण म्हणाल तर नववी नापास. पुढे जे काही वाचले ते रात्रपाळी करून आल्यावर, याच विहाराच्या कपाटातली पुस्तके नेऊन वाचले. समितीने मला आरोग्यावर बोलायला सांगितले तेव्हा मी म्हणालो, त्यासाठी डॉक्टरांना बोलवा. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "डॉक्टर येतील, काय करायचं ते सांगून जातील. ऐकलेलं अंगवळणी कसं पाडायचं, ते तू सांग. तू त्यात तोंडघशी पडलेला माणूस आहेस." हे अगदी खरे आहे. म्हणून उभा राहिलो.

दुसरे कारण असे की, आपल्या वस्तीतली पाच-सहा मुले-मुली आज जिममध्ये ट्रेनर म्हणून नोकरी करतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यातला एक जण परवा मला म्हणाला, "काका, लोक तीन महिन्यांची फी भरतात. मी त्यांना सवयींचा तक्ता देतो. रोज काय खाल्लं, किती चाललात, किती झोपलात ते लिहा म्हणतो. आठ दिवस लिहितात, मग तक्ता हरवतो, आणि मग माणूसच हरवतो. काय करू?" त्या पोराला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. आज देतो. पण हे उत्तर फक्त जिमच्या ट्रेनरसाठी नाही. ज्या घरात शुगर आहे, बीपी आहे, तंबाखू आहे, त्या प्रत्येक घरात कोणीतरी कोणाला तरी "जरा स्वतःकडे बघा" म्हणत असते. ते सगळे माझ्या दृष्टीने ट्रेनरच आहेत.

बांधवांनो, आमच्या खात्यात माझा एक सोबती होता. आम्ही दोघे एकाच वर्षी बदली कामगार म्हणून लागलो, एकाच पाळीत उभे राहिलो. २०१६ साली त्याला शुगर निघाली. डॉक्टरांनी कागद लिहून दिला. रोज चाला, गोळी चुकवू नका, भात कमी करा, रात्री झोपताना पाय बघा. त्याने कागदाची घडी करून पाकिटात ठेवली. मी विचारायचो, "चालतोस का?" तो म्हणायचा, "चालतोय की." "गोळी?" "चालू आहे." तो खोटे बोलत नव्हता, हे मी आज छातीवर हात ठेवून सांगतो. त्याला खरेच तसे वाटत होते. आठवड्यातून दोनदा चालणाऱ्या माणसाला आपण रोजच चालतो असे वाटत असते, कारण चाललेला दिवस लक्षात राहतो आणि न चाललेला दिवस तसाच निघून जातो. २०१९ साली त्याच्या पायाला बुटाचा फोड आला. पायाला बधिरपणा आलेला, त्याला ते कळलेच नाही. आधी बोट गेले, मग पाऊल गेले. २०२१ च्या पावसाळ्यात तो गेला.

हा माणूस गाफील नव्हता. कोणत्या फ्रेमवर धागा जास्त तुटतो, कोणत्या पाळीत किती माल निघाला, हे त्याला तोंडपाठ असायचे. गिरणीचा सगळा हिशेब डोक्यात, आणि स्वतःच्या अंगाचा हिशेब कुठेच नाही. ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली.

आणि हे दुखणे एका घराचे नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्यात देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा अंदाज दिला आहे. परमपूज्य बाबासाहेबांनाही मधुमेह होता, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या शरीराने ते अखेरपर्यंत लिहीत राहिले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी वयाच्या ६५ व्या वर्षी आपल्याला सोडून गेले. तेव्हा हे दुखणे काय हिरावून नेते, ते आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

आता माझी चूक सांगतो. सोबती गेल्यावर माझ्या अंगात जोर संचारला. २०२२ च्या बुद्धपौर्णिमेला मी पदरचे पैसे घालून चाळीस तक्ते छापून आणले. एकेका तक्त्यावर बारा रकाने! चालणे, पाणी, मीठ, साखर, तेल, भात, पालेभाजी, झोप, तंबाखू, दारू, वजन, व्यायाम. रोज भरायचे. घरोघरी वाटले आणि वर एक भाषणही ठोकले. पंधरा दिवसांनी रविवारी वंदनेनंतर सर्वांना तक्ते घेऊन बोलावले. चाळीसपैकी अकरा जण आले. त्यातल्या सहा जणांचे तक्ते एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेले. बारा रकाने, पंधरा दिवस, सगळीकडे बरोबरची खूण! गिरणीतली रजिस्टरे बघण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे कळणार नाही होय? पण मी त्यांना शाबासकी दिली, कारण मला माझा उपक्रम यशस्वी झालेला बघायचा होता.

एका वहिनींचा तक्ता मात्र खरा होता. जे झाले नाही तिथे त्यांनी फुली मारली होती. तक्ताभर फुल्याच फुल्या. मी काय केले? तो तक्ता सर्वांसमोर वर धरला आणि म्हणालो, "तुमच्या घरातला माणूस ह्याच दुखण्याने गेला, तरी तुम्हाला अक्कल येत नाही!"

होय, त्या माझ्या सोबत्याच्याच पत्नी. त्या आज इथे बसल्या आहेत आणि त्यांना विचारूनच मी हे सांगतो आहे. खोटे लिहिणारे टाळ्या घेऊन गेले आणि खरे लिहिणाऱ्या एकट्या बाईला मी भर सभेत उभे केले.

त्यानंतर तीन रविवार त्या विहारात आल्या नाहीत. चौथ्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या म्हणाल्या, "भावजी, जिथं धुणंभांडी करते तिथल्या वहीत माझा खाडा लिवलेला असतो, पगार कापायला. तुमच्या गिरणीच्या वहीत ह्यांचा खाडा लिवलेला असायचा. आता तुम्ही बी वही काढली, त्यात बी माझी चूकच. मग माझी वही कुठली हो?"

मी तीस वर्षे सभा गाजवतो आहे, पण ह्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मी माफी मागितली आणि घरी आलो. रात्रपाळीला फ्रेमच्या मधून फेऱ्या मारताना तेच वाक्य डोक्यात फिरत होते.

विचार करा बांधवांनो. आपल्या माणसांबद्दल आजवर जे जे लिहिले गेले ते कोणाच्या हाताने? सावकाराची वही, तलाठ्याचे दप्तर, मुकादमाचे हजेरीबुक, गिरणीचे मस्टर. लिहिणारा दुसरा, वही दुसऱ्याची, आणि लिहिलेले आपल्याला दाखवायचे ते फक्त पैसे कापताना. मग कोणी नवी वही पुढे केली की आपला माणूस एक तर पळतो, नाही तर खोटे लिहितो. यात आळस कमी आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण जास्त आहे. जिमच्या ट्रेनरसमोर बसलेला माणूससुद्धा हेच करतो. तो तक्ता ट्रेनरसाठी भरतो, म्हणून तो एक तर भरत नाही, नाही तर ट्रेनर खूश होईल असा भरतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की वही ज्याची त्याची असली पाहिजे. हे मला संयुत्तनिकायातल्या कोसल संयुत्तात भेटले. कोसलचा राजा पसेनदी हा भारी खाणारा. द्रोणभर भात खायचा, आणि मग धापा टाकीत तथागतांच्या दर्शनाला यायचा. एकदा त्याला असा बघून तथागतांनी एक छोटी गाथा सांगितली. भान ठेवून, माप ओळखून जेवणाऱ्याचे कष्ट कमी होतात, असा तिचा आशय. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्यालाच सांगितले, ही गाथा पाठ कर आणि मी जेवताना मला ऐकव, रोजचे शंभर कार्षापण देईन. अट्ठकथेत पुढचा तपशील आहे. गाथा म्हणायची ती राजा शेवटचा घास हातात घेईल तेव्हा. राजाने तो घास खाली ठेवायचा, आणि पुढच्या वेळी तेवढाच भात कमी शिजवायचा. असे करता करता राजा द्रोणावरून एका नाळीच्या मापावर आला. अंग हलके झाले आणि त्याने तथागतांचे उपकार मानले.

आता ह्या गोष्टीत ट्रेनर कोण आहे ते बघा. सुदस्सन! आणि त्याने काय काय केले नाही ते बघा. त्याने राजाला पहिल्या दिवशी अर्धे ताट ठेवायला सांगितले नाही. त्याने चार लोकांत राजाचे पोट दाखवले नाही. बारा रकाने आणले नाहीत. एकच गोष्ट, एकाच ठरलेल्या वेळी, एका घासाने कमी. आणि मुख्य म्हणजे सुदस्सनाला नेमले कोणी? खुद्द राजाने. ज्याला बदलायचे त्यानेच आठवण देणारा निवडला. तथागतांना अडीच हजार वर्षांपूर्वी जे दिसले, ते मला चाळीस तक्ते वाया घालवून दिसले.

मग आम्ही पुन्हा सुरुवात केली. ह्या खेपेला सात जणांनी. आज ज्या पद्धतीने हे काम चालते ती सांगतो. तरुण मित्रांनो, तुमच्या जिममध्येही ही चालेल.

सर्वप्रथम सांगू नका, विचारा. "तुम्हाला कशाचा त्रास होतो?" एवढेच विचारा आणि गप्प बसा. कोणी म्हणेल जिना चढताना दम लागतो, कोणी म्हणेल रात्री झोप येत नाही. वजन पंचाऐंशीचे सत्तर करायचे हे बहुतेक वेळा आपल्या डोक्यात असते. त्याच्या डोक्यात नातवाला कडेवर घेऊन माडी चढायचे असते. त्याचे जे असेल तिथून सुरू करा.

नंतर एकच सवय निवडायला लावा. ती इतकी लहान असावी की वाईटातल्या वाईट दिवशीही होईल. आमच्यासाठी वाईट दिवस म्हणजे रात्रपाळी करून आलेला दिवस. त्या दिवशी कंबर तलावाला फेरी होणार नाही, पण गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणे होईल. तेवढेच लिहायचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल करावी असे सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. ते आपले पोहोचायचे ठिकाण आहे. निघायचे ठिकाण दहा मिनिटांचे असले तरी चालते.

पहिला आठवडा काहीही बदलायला सांगू नका. फक्त लिहू द्या. मशेरी किती वेळा लावली, चहात साखर किती चमचे, ताटात भाकरी किती. आपल्याकडची ज्वारीची भाकरी चांगलीच, पण एक मोठी आणि अडीच मोठ्या यात फरक आहे. एका काकांनी आठवडाभर चहा मोजला. त्यांना वाटत होते चार कप होतात, निघाले नऊ! मी एक शब्द बोललो नाही. तेच म्हणाले, "अरे, हे काय चाललंय?" आपण सांगितले असते तर भांडण झाले असते.

मग प्रश्न येतो लिहायचे कुठे. लोक म्हणतात आम्हाला लिहायची सवय नाही. हे मला मान्य नाही. आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यावर दूधवाल्याचा खाडा कोण लिहितो? गॅसची टाकी कोणत्या तारखेला लावली ते कोण लिहितो? बचत गटाचा हप्ता कोण लिहितो? ह्या समोर बसलेल्या माता-भगिनीच लिहितात, आणि एक दिवस चुकवत नाहीत. तेव्हा नवी वही आणण्याआधी त्याच कॅलेंडरवर, त्याच पेनाने एक बारीक खूण करा. जिथे डोळा रोज जातो तिथेच नोंद टिकते. आणि ती रोजच्या एखाद्या कामाला बांधा. सकाळचा चहा ठेवला की कालची खूण करायची, असे.

लिहायचे काय? केलेले काम लिहायचे. वजन रोज लिहू नका. अंगातल्या पाण्याने, मिठाने, जेवणाच्या वेळेने ते किलोभर वरखाली होते आणि माणूस उगाच खचतो. चाललो की नाही, गोळी घेतली की नाही, पाय बघितले की नाही, हे आपल्या हातात आहे. तेच लिहायचे. आणि आधीपासून जे होते आहे तेही लिहू द्या. लंडनमध्ये दुमजली बसगाड्यांवरच्या कामगारांचा अभ्यास झाला होता, जेरी मॉरिस या डॉक्टरांनी तो १९५३ साली प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. तेव्हा जी भगिनी चार मजले चढून कामाला जाते, तिच्या कॅलेंडरवर पहिल्याच दिवशी खूण पडली पाहिजे. तिला "तुम्ही काहीच करत नाही" असे सांगणे हा अन्याय आहे.

आता मोबाईल. पोरं म्हणतात, काका, मोबाईल पावलं मोजतो. मोजू द्या, माझा विरोध नाही. पण मोबाईलचा दिवस रात्री बारा वाजता बदलतो आणि तिसऱ्या पाळीच्या कामगाराचा दिवस सकाळी संपतो, त्यामुळे त्याचा हिशेब कायम चुकलेला दिसतो. त्याने झोपेतून उठल्यापासून परत झोपेपर्यंत एक दिवस धरावा. आणि तो दहा हजार पावलांचा बाऊ करू नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये निघालेल्या एका पावले मोजायच्या यंत्राच्या नावावरून आला. त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचे मीटर असा होता. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांतसुद्धा मृत्यूचे प्रमाण कमी दिसले, आणि सुमारे ७,५०० नंतर त्यात विशेष फरक पडला नाही. आपल्या आजीला दहा हजाराचा धाक घालून घरी बसवण्यापेक्षा पाचशे पावले वाढवायला लावा.

आता खाड्याची गोष्ट, ही नीट ऐका. माणूस वही का सोडतो? एक दिवस चुकतो, रिकामी जागा दिसते, लाज वाटते, मग वही बघावीशीच वाटत नाही. रिंगफ्रेमवर धागा तुटतो तेव्हा आम्ही काय करतो? अख्खी फ्रेम बंद करत नाही. कपाळाला हात लावून बसत नाही. फेरी मारताना तुटलेला धागा दिसला की जोडायचा आणि पुढे जायचे. तो जितका वेळ तुटलेला राहील तितका कापूस वाया, एवढेच. लंडनच्या विद्यापीठात ९६ जणांवर झालेला अभ्यास २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ दिवसांत जमले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. आणि मध्येच एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. तेव्हा "एकवीस दिवसांत सवय लागते" असे छापून वाटणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, आणि एक खाडा पडला म्हणून वही मिटू नका. खाडा खाडा म्हणूनच लिहा. तो आता पगार कापायला नाही. आपण कोणत्या वारी, कशामुळे अडतो ते कळायला आहे. आमच्या एकाचे सगळे खाडे पगाराच्या दुसऱ्या दिवशी पडायचे. कारण काय ते त्याचे त्यालाच कळले, मला सांगावे लागले नाही.

वही बघणाऱ्यानेही काही नियम पाळायचे आहेत. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटे, एकट्याला घेऊन बसायचे. तीनच प्रश्न विचारायचे. काय जमले? कुठे अडले? पुढच्या आठवड्यात तेच ठेवायचे की थोडे बदलायचे? दुसऱ्याची वही दाखवून तुलना करायची नाही. एखाद्याने दारूचे खरे दिवस लिहिले, तर ते त्याच्या बायकोलाही सांगायचे नाही. खरे लिहिणाऱ्याचे पहिल्यांदा आभार मानायचे, फुल्या कितीही असोत. खोटी बरोबरची खूण माझ्या काही कामाची नाही, खरी फुली लाखमोलाची आहे. हे मी ज्या दिवशी चुकलो तो दिवस तुम्हाला सांगितलाच आहे.

याने खरेच फरक पडतो का, असे कोणी विचारील. अमेरिकेत २००८ साली सुमारे १,७०० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जे रोजच्या जेवणाची नोंद ठेवत होते त्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या दुपटीने उतरले. आणि आपल्या देशातले सांगायचे तर, दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणांना सुरुवातीच्या सल्ल्याबरोबर मोबाईलवर नियमित आठवणीचे छोटे संदेश गेले, बाकीच्यांना फक्त सल्ला. दोन वर्षांत संदेश मिळणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. एक छोटी, वेळेवर दिलेली आठवण एवढे काम करते. सुदस्सनाने तरी दुसरे काय केले?

दोन-तीन धोक्याच्या सूचना देतो. वही म्हणजे डॉक्टर नव्हे. जे शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी आपल्या मनाने जेवण तोडू नये, साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतते. रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात दारू तोडतानाही डॉक्टरांना विचारावे. चालताना छातीत दुखले तर वही बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. आणि ज्या मुलीला दिवसातून तीनदा वजन करावेसे वाटते, एक घास जास्त झाला की रडू येते, तिची वही प्रेमाने बंद करा आणि तिला डॉक्टरांकडे न्या. तिथे नोंदीचा उपयोग उलटा होतो.

आता शेवटचे सांगतो आणि तुमची रजा घेतो. त्या वहिनींनी मला विचारले होते, माझी वही कुठली? मी माफी मागून आलो होतो, पण उत्तर देऊ शकलो नव्हतो. ते त्यांनीच शोधले. दिवाळीनंतर एकदा त्यांच्या घरी गेलो, तर फळीवर बरणी दिसली. त्यात चिंचोके. मी म्हणालो, "वहिनी, हे काय?" त्या म्हणाल्या, "चाललं की एक टाकायचा. नाही चाललं तर नाही टाकायचा. ह्यात फुली नाही बघा, भावजी. भरत जाते तेवढंच दिसतं." आज आपल्या गटात ज्यांना लिहिता येत नाही अशा तिन्ही आजीबाईंकडे चिंचोक्यांच्या बरण्या आहेत. ही युक्ती माझी नाही, कुठल्या पुस्तकातली नाही. ज्या बाईला मी अक्कल नाही म्हणालो, तिची आहे.

त्यांचा मुलगा रिक्षा चालवतो, बापासारखाच अंगाने. दोन महिन्यांपूर्वी त्याची शुगर उंबरठ्यावर निघाली. मी त्याला तक्ता दिला नाही, भाषणही दिले नाही. आईने बरणीशेजारी दुसरी रिकामी बरणी ठेवली आहे. तो रोज तिच्याकडे बघतो आणि रिक्षा घेऊन जातो. अजून एकही चिंचोका पडलेला नाही. मी विचारत नाही, त्याची आईही विचारत नाही. ज्या दिवशी तो पहिला टाकील, त्या दिवसापासून त्याने बोलावले तर मी त्याचा सुदस्सन व्हायला तयार आहे.

आपल्याही घरात अशी एखादी रिकामी बरणी कोणासाठी ठेवायची आहे का, ते घरी जाऊन बघा. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहाराच्या ओट्यावर बसतो. वह्या तुमच्याच हातात राहतील. तुम्ही दाखवाल तेवढेच आम्ही बघू.

एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!